डोळ्यांसमोर

“हा कर,” मी म्हणालो.

भूषणनं मान खाली आणली आणि तोंड उघडलं. मी नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि नीट हुंगून पाहिलं. दारू नव्हती. तंबाखू नव्हती, गुटखा नव्हता, सिगरेट नव्हती. गांजाचा वास कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्या रफिक मुलाणीला विचारून ठेवलं होतं. ओला पाला जाळल्यासारखा, असं तो म्हणाला होता. तसलंही काही नव्हतं.

“झालं?” भूषणनं विचारलं.

“झालं. वर जा, हातपाय धू. पिठलं टाकतो.”

तो जिना चढून गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. रोज संध्याकाळी, दुकानाचं शटर ओढायच्या आधी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर आमचा हा कार्यक्रम व्हायचा. पोरगा सतरा वर्षांचा, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. त्याला वाकावं लागायचं. बाप मुलाचं तोंड हुंगतोय, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हे. मला लाज वाटायची. तरी मी एक दिवस चुकवला नाही. चार महिने रोज हुंगलं आणि चार महिने रोज निर्धास्त झोपलो. माझ्यासारखा मूर्ख बाप बार्शीत दुसरा नसेल.

याला आता नऊ वर्षं झाली.

आम्ही पोरे. जातीचे शिंपी, पण माझ्या वडिलांनीच कापड सोडून रेक्झिन धरलं होतं. परांडा रस्त्यावर ‘नामदेव कुशन वर्क्स’ म्हणून आमचं दुकान. रिक्षाचे टप, मोटारसायकलची सीटं, ट्रॅक्टरच्या गाद्या, अधूनमधून एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्याचा सोफा. फोम कापायचा, त्याला सोल्युशन लावायचं, वर रेक्झिन ताणून बसवायचं आणि दाभणानं टाके घालायचे. सोल्युशन म्हणजे डिंकासारखं पिवळं, चिकट रसायन. डबा उघडला की नाकात शिरतं. नवीन गिऱ्हाईक दुकानात आलं की रुमाल काढायचं आणि आम्ही हसायचो. दुकानाच्या मागं फोम ठेवायची एक खोली, वर राहायच्या दोन खोल्या. माझं लग्न त्याच घरात झालं, दोन्ही पोरं त्याच घरात वाढली. आम्हाला कसला वास येणार?

त्या वर्षी माझी बायको, रंजना, दिवाळी झाल्यावर पुण्याला गेली. आमची मुलगी वृषाली पोटुशी होती. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं, प्रवासाची मनाई केली. मग आईलाच लेकीकडं जावं लागलं. जाताना रंजनानं मला डाळी-तांदळाचे डबे दाखवले आणि म्हणाली, “पोराकडं लक्ष द्या. मला तो बरा दिसत नाही.”

“वय आहे त्याचं,” मी म्हणालो.

वय आहे म्हणत म्हणत महिना गेला. भूषण बारावीला होता. सकाळी कॉलेजला म्हणून जायचा, दुपारी यायचा आणि झोपायचा. डोळे लाल. जेवण नकोसं. विचारलं की अंगावर धावून यायचा, नाही तर कारण नसताना हसत बसायचा. एकदा मी साधं म्हणालो की पंखा बंद कर, तर त्यानं ताट भिंतीवर फेकलं. भिंतीवर आमटीचा डाग पडला. तो पुसताना मला रंजनाची इतकी आठवण आली, की मी फडकं तिथंच टाकून जिन्यात जाऊन बसलो.

मग कॉलेजातून निरोप आला. वर्गशिक्षक सभ्य माणूस होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “पोरे, तुमचा मुलगा दिवाळीपासून सहाच दिवस वर्गात बसलाय. जुन्या गिरणीच्या मागं तीन-चार पोरांचं टोळकं असतं, त्यांच्यात दिसतो. काहीतरी नशापाणी चालतं असं शिपाई सांगतात. काय ते मला माहीत नाही. पण तुम्ही वेळीच आवरा.”

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. त्याची बॅग उपडी केली, खिसे तपासले, गादी उसवून पाहिली. मला गाद्या उसवायचा सराव आहे, परत शिवूनही ठेवली. काही सापडलं नाही.

रफिकला सांगितलं. रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यात एक भिंत, त्यामुळं एकमेकांचं काही झाकून राहायचं नाही. तो स्पार्क प्लग घासत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, “दिगंबर, उगाच मारझोड करू नको. पोरगं हातचं जाईल. कॉलेज गेलं खड्ड्यात, एक वर्ष वाया गेलं तर गेलं. त्याला दुकानात बसव. सकाळ-संध्याकाळ तुझ्या डोळ्यांसमोर ठेव. टोळकं आपोआप सुटतं.”

मला ते पटलं. मी तर म्हणेन, जगात कुणालाही पटलं असतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. “उद्यापासून कॉलेज बंद. दुकानात बसायचं. नऊ ते सात. माझ्या डोळ्यांसमोर.”

भूषणचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ताट जातंय भिंतीवर. पण तो खाली मान घालून म्हणाला, “पप्पा, दुकानात नको.”

“का? लाज वाटते बापाच्या धंद्याची?”

“लाज नाही वाटत. दुसरं काहीही सांगा. मार्केट यार्डात पोती उचलतो. ताईकडं जातो पुण्याला, तिथं कुठंतरी काम बघतो. दुकानात नको.”

“पुण्याला जाऊन काय दिवे लावणार? तुझी आई तिथं आधीच काळजीत आहे. तिच्या डोक्याला आणखी ताप नको.”

“पप्पा, मी पाया पडतो तुमच्या.”

आणि तो खरंच वाकला. उष्ट्या हातानं माझ्या पायाला शिवला. दसऱ्याला सोनं देतानासुद्धा जो पोरगा नुसती मान हलवायचा, तो पायावर डोकं ठेवत होता. एखाद्याला तेव्हाच काहीतरी उमगलं असतं. मला काय उमगलं? की पोरगं पक्कं बनेल झालंय, टोळक्याकडं पळायला मिळावं म्हणून नाटकं करतंय. मी पाय मागं घेतले आणि म्हणालो, “नऊ म्हणजे नऊ.”

पहिले आठ दिवस त्यानं दुकानाच्या दारातच खुर्ची टाकली. उन्हात बसायचा, पण आत यायचा नाही. गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचा. “असा दारात बसून काय शिकणार?” मी एक दिवस खेकसलो आणि त्याला हाताला धरून आत आणलं. मागच्या खोलीत नेलं, फोमचा तुकडा पुढ्यात टाकला, हातात ब्रश दिला आणि सोल्युशन कसं पसरायचं ते स्वतः शिकवलं. कडेपासून मधे यायचं, गाठ ठेवायची नाही, वाळायला पाच मिनिटं द्यायची. हे सगळं मी माझ्या हातानं केलं.

त्यानंतर तो सुधारलाच म्हणायचा. तंटा नाही, उलटं बोलणं नाही. सकाळी माझ्याआधी खाली. मागच्या खोलीतलं चिकटवायचं सगळं काम त्यानं आपणहून घेतलं. “तुम्ही पुढं बसा पप्पा, मी करतो,” म्हणायचा. टोळक्यातली पोरं एक-दोनदा रस्त्यावर घुटमळली, मी हातात दाभण घेऊन बाहेर आलो तशी पळाली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. रफिकला म्हणालो, “तुझं औषध लागू पडलं.”

रंजनाचा फोन रोज दुपारी यायचा. “भूषण कसा आहे?”

“उत्तम. माझ्या शेजारी बसून काम करतो.”

“जेवतो का?”

“जेवतो.”

जेवत नव्हता. दोन घास खाऊन उठायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. मी एकटा ताटावर बसून राहायचो. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही आणि माझ्याशी बोलायची त्याला इच्छा नसायची. दोन खोल्यांत आम्ही दोघं, पण दिवसभरात दहा वाक्यं व्हायची नाहीत, त्यातलं एक रोजचं ‘हा कर’. रेडिओ लावावा तर त्याचं डोकं दुखायचं. त्याच्या ओठांभोवती आणि नाकाखाली लालसर पुरळ आलं, मी उष्णता म्हणून सब्जाचं पाणी दिलं. हात थरथरायला लागले, मी अशक्तपणा म्हणून खारीक आणली. एकदा मागच्या खोलीत तो फोमच्या ढिगावर आडवा पडलेला दिसला. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओ देईना. तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठला. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. डॉक्टर चांगले होते, त्यांच्या सोफ्याचं काम मीच केलं होतं. मी त्यांना खरं कुठं सांगितलं? बारावीचा ताण आहे म्हणालो.

मनात पाल चुकचुकत होती, ती मी रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर मारून टाकायचो. तोंड हुंगायचं, काही नाही, चला. पोरगं नऊ ते सात माझ्याजवळ. रस्ता ओलांडून चहालासुद्धा जात नाही. मग करणार काय आणि कुठं?

मार्चात वृषालीला मुलगी झाली. सव्वा महिना झाला आणि रंजना परत आली. दुपारची वेळ होती. मी दुकानासमोर एका रिक्षाच्या टपाचं माप घेत होतो. ती पिशव्या घेऊन उतरली, उंबऱ्यापाशी आली आणि तिनं पदर नाकाला लावला.

“अहो, केवढा वास मारतोय.”

“नेहमीचाच आहे.”

“नेहमीचा? मग मी तेवीस वर्षं इथं राहिले कशी?” ती हसली. “पुण्याला जाऊन शहाणी झाले बहुतेक. कुठाय माझं बाळ?”

भूषण मागच्या खोलीतून आला. रंजनानं पिशव्या टाकल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खाली ओढलं. ‘केवढा वाळलास रे’ म्हणणार होती, तेवढं अर्धंच म्हणाली. तिचे हात तिथंच थांबले.

“भूषण, श्वास सोड.”

त्यानं तोंड फिरवलं.

“सोड म्हणते ना.”

मी कात्री ठेवून पुढं गेलो. “अगं, मी रोज बघतो त्याचं तोंड. काही नसतं. निर्व्यसनी आहे.”

“अहो, याला सोल्युशनचा वास येतोय.”

मला हसू आलं. “दुकानात बसतो दिवसभर. येणारच. माझ्या अंगाला नाही का येत?”

ती माझ्याकडं वळली. भर रस्त्यावर, रफिक बघत असताना, तिनं माझा सदरा हुंगला, हात हुंगले आणि मग माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. “तुमच्या सदऱ्याला येतो,” ती म्हणाली. “हातांना येतो. तोंडाला चहाचा येतोय. याच्या आतनं येतोय.”

मी भूषणकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना भीती. नाकाखाली ते लाल पुरळ. इतके दिवस मी सब्जा देत होतो.

आम्ही शटर अर्धं ओढलं आणि वर गेलो. रंजनानं त्याला पाणी दिलं. मी उभाच होतो, बसावं कुठं ते कळेना.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“अकरावीपासून.” भूषण जमिनीकडं बघत बोलत होता. “गिरणीमागं पोरं सोल्युशन हुंगायची. त्यांना कळलं माझे पप्पा कुशनवाले आहेत. मग मला म्हणायला लागले, घरनं आण. मी आणायचो. आधी त्यांच्यासाठीच आणायचो.”

“आणि आता?”

“कॉलेजला होतो तेव्हा चोरून न्यायला लागायचं. आठवड्यातनं एकदा जमायचं, दोनदा. दुकानात बसवल्यावर...” तो थांबला. मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं पाहिलं. “पप्पा, मी सांगितलं होतं तुम्हाला. दुकानात नको म्हणालो होतो. मी सोडायला बघत होतो.”

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. रंजना माझ्याकडं बघत होती. ती काही बोलली नाही, आणि आजपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. ती बोलली असती तर मला कुठंतरी भांडायला जागा मिळाली असती.

सोलापूरच्या पुढं एका मळ्यात व्यसनमुक्तीचं केंद्र होतं, तिथं त्याला ठेवलं. मोठं आवार, बैठ्या खोल्या, मधे अंगण. तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलणं स्वच्छ. रविवारी भेटायला या म्हणाल्या.

पहिल्या रविवारी मी पहाटे उठून दोनदा आंघोळ केली. नवा सदरा घातला. रंजना पुढं, मी मागं. भूषण ओसरीवर आला, आईजवळ गेला, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो माझ्याकडं यायला निघाला. चार पावलं राहिली असतील. तो थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या, मला स्पष्ट दिसलं. त्यानं दोन्ही हात काखेत दाबले, तोंड फिरवलं आणि जवळजवळ पळतच आत गेला.

मी तिथंच उभा राहिलो. मॅडम बाहेर आल्या. “काका, तो रागावलेला नाही. तुमच्या अंगाला सोल्युशनचा वास आहे. एवढ्या वर्षांचा आहे, आंघोळीनं नाही जायचा. तो वास आला की त्याचं शरीर मागणी करतं. सध्या तुम्ही लांब थांबा.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही.”

त्यानंतर प्रत्येक रविवारी आम्ही दोघं एसटीनं जायचो. रंजना आत जायची, मी फाटकाबाहेर चिंचेखाली थांबायचो. अर्ध्या तासानं ती बाहेर यायची आणि सांगायची, आज पोळी खाल्ली, आज हसला, आज रडला. मी हं हं करत ऐकायचो. मला पोराचं सगळं असं ऐकीव कळायचं. एका रविवारी, कुणाचा तरी बाप असलेला एक गृहस्थ माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “तुम्ही जीपचे ड्रायव्हर का? सोलापूरला सोडाल?” दर आठवड्याला बाहेर उभा असलेला माणूस, त्याला दुसरं काय वाटणार? “माझी जीप भरलीय,” मी म्हणालो. बाप आहे असं सांगायला तोंड झालं नाही.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. बरा झाला तरी त्याला त्या घरात नेता येणार नाही. खाली दुकान आणि वर तो, हे चालायचं नाही. मी त्यावर चार दिवस विचार केला असं म्हणणं खोटं होईल. परत येतानाच्या एसटीतच ठरलं. तरी दुकान आवरायला दोन महिने गेले. डबे गेले, फोम गेला, रेक्झिन शिवायची जड मशीन लातूरचा एक जण घेऊन गेला. पाटी उतरवायला रफिकच आला. स्टुलावर चढून स्क्रू काढता काढता म्हणाला, “दिगंबर, डोळ्यांसमोर ठेव म्हणून मीच बोललो होतो.”

“मीही ऐकलं ना,” मी म्हणालो. पाटी त्यानंच त्याच्या गॅरेजात नेऊन ठेवली.

आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, भगवंताच्या देवळाच्या पलीकडं भाड्यानं राहायला गेलो. मी आजोबांच्या कामाकडं परत वळलो, म्हणजे कापडाकडं. एका दुकानदाराचे शाळेचे गणवेश शिवून द्यायला लागलो. चाळिशी ओलांडलेला कुशनवाला चड्ड्या शिवायला शिकतोय म्हटल्यावर तो दुकानदारही हसला. बोटांची साल निघेपर्यंत मी हात घासायचो, खोबरेल लावायचो, लिंबू चोळायचो. मग रंजनापुढं हात धरायचो. ती हुंगून म्हणायची, “कमी झालाय.” कधीच ‘गेलाय’ म्हणायची नाही. मला स्वतःला तर काहीच कळायचं नाही. मला तो वास ना कधी आला होता, ना तो गेलेला समजणार होता.

भूषण आज नाशिकजवळ एका रोपवाटिकेत कामाला आहे. मधे दोनदा घसरला, दोनदा सावरला. बार्शीला तो येत नाही, परांडा रस्त्यावरून तर नाहीच नाही. सणाला आम्ही तिकडं जातो, दोन दिवस राहतो. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो. पण मला आठवत राहतो तो केंद्रातला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला एक रविवार.

त्या दिवशी फाटकापाशी पोचलो तर मॅडमच समोर आल्या. “काका, आज तुम्ही आत या. तोच म्हणालाय.”

मी रंजनाकडं पाहिलं. ती चिंचेखाली पिशवी ठेवून बसली सुद्धा. “जा तुम्ही,” म्हणाली. “आज मी थांबते.”

अंगणात एक लांब सिमेंटचा बाक होता. मी त्याच्या एका टोकाला बसलो. भूषण आला. डोकं बारीक कापलेलं, गाल भरलेले, नाकाखालचं पुरळ गेलेलं. तीन-चार महिन्यांनी मी त्याला इतक्या जवळून बघत होतो. तो थोडा लांब उभा राहिला. मी ये म्हणालो नाही.

“दुकान बंद केलं म्हणे,” तो म्हणाला.

“केलं.”

“कायमचं?”

“कायमचं. पाटीसुद्धा उतरवली.”

“मग आता काय करता?”

“शाळेच्या चड्ड्या शिवतो.”

त्याला हसू आलं, मलाही आलं. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. सबंध एसटीत मी देवाला तेवढंच मागत आलो होतो, की पोरानं नाही म्हणावं.

“भूषण, अजून वास येतो का रे माझा?”

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणं त्याला किती सोपं होतं. दोन वर्षं तो माझ्याशी सहज खोटं बोलत आला होता आणि मी सहज मानत आलो होतो.

“येतो,” तो म्हणाला. “थोडा येतो. हातांकडनं.”

मी हात मांड्यांखाली घेतले आणि त्यावर बसलो. “मग तू आत जा. मी पुढं कधीतरी येईन.”

“नको. बसतो थोडा वेळ. नाही जमलं तर उठेन. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. केंद्रात वांगी लावलीत म्हणाला. त्याला गवत काढायचं काम आहे, ते आवडतं म्हणाला. वृषालीच्या पोरीचे दात आले का, असं त्यानं विचारलं. मी दोन आलेत म्हणालो. बोलताना त्याचा एक पाय सारखा हलत होता आणि कपाळावर घाम आला होता. बाकाची कड त्यानं गच्च धरली होती. मला सगळं दिसत होतं. जवळ सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं इतकं वाटत होतं, पण मी हात मांड्यांखालून काढले नाहीत.

“पप्पा, आता जातो.”

“जा.”

तो उठला आणि भराभरा चालत खोल्यांच्या मागं गेला. मागं वळून बघितलं नाही त्यानं, आणि मीही हाक मारली नाही. मी तसाच हातांवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं रंजना मला शोधत आत आली. माझे डोळे वाहत होते, ते पुसायलाही मी हात काढले नव्हते. ती घाबरली.

“काय झालं? काय म्हणाला?”

“वास येतो म्हणाला.”

तिचा चेहरा पडला. ती माझ्या शेजारी बसली. “अजून येतो?”

“येतो,” मी म्हणालो. “पण सांगितलं त्यानं.”